आईच्या लग्नाचा व्हिडिओ

आईच्या लग्नाला हजर राहायचं भाग्य कुणाला लाभतं? आशागडजवळच्या पाड्यावरल्या शितलला लाभलं, आणि तेही कॅमेरा हातात धरून. नाकं मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावीत. इकडे हातावर पोट असलेली माणसं आधी संसार मांडतात, लग्न सवडीनं करतात. शितलचे आईबाप, जमना आणि शुक्रा, यांना पोरं मोठी झाली तरी ती सवड सापडली नव्हती. २०१७ साली थोरल्या मनिषचं जमलं आणि सगळ्यांना जाग आली, कारण आईबाप बोहल्यावर चढल्याशिवाय पोराला चढता येत नाही. मग ठरलं, एकाच मांडवात आधी आईबापांचं, मागून मनिषचं.

शितल डहाणू रोडला हसुभाईंच्या फोटो स्टुडिओत कामाला होती. लोकांच्या नवऱ्या अल्बमात चिकटवता चिकटवता तिला एकच ध्यास लागला, की आपली आई नवरी म्हणून एकदा पडद्यावर दिसावी. धीर करून तिनं शेठकडे डीएसएलआर मागितला.

"दीकरी, फोटोत बटण दाबलं का काम संपलं. व्हिडिओत तिथनं चालू होते," हसुभाई म्हणाले. "फोकसची रिंग हातानं फिरवायची. माणूस हलला, का रिंग हलली पाहिजे. विसरली, तर गेलं समजायचं."

जमना चिकूच्या वाडीत फळं निवडायची. शितल तिथंच शिकायला बसली. एका चिकूवर फोकस धरायचा, की मागची अख्खी वाडी विरघळून हिरवं पाणी व्हायची. हे विरघळणं पाहून पोर खुळावली. एसटीत बसूनही ती हवेत बोटं फिरवायची. कंडक्टरला वाटलं, हिच्यावर कुणी करणी केली.

लग्नाच्या दिवशी घरातल्या भिंतीवर सुवासिनींनी तांदळाच्या पिठानं चौक लिहिला होता, वर कापड टाकलं होतं. शितलनं समोर तिवईवर कॅमेरा लावला. लग्न लावणारी धवलेरी बुधीबाई गाऊ लागली आणि कापड दूर झालं. शितलनं रिंग फिरवली. देवी, झाडं, घोडा, घोड्याच्या शेपटीचा केस न केस उमटला. तिनं रेकॉर्डिंग सुरू केलं.

बुधीबाईचा आवाज संथ, एकसुरी. त्यात शितल हळूहळू बुडाली. हळदीनं पिवळे झालेले आईबाप चौकासमोर येऊन उभे राहिले. शितलला वाटलं, आपण अजून जन्मलोच नाही. जन्माच्या आधीच्या कुठल्याशा दुपारी कुणी आपल्याला हे बघायला उभं केलंय. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावरची नजर कधी उचलली, तिला कळलंच नाही. ती डोळे भरून आईकडे बघत राहिली. रिंगवरचा हात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर तिनं पाहिलं. चौक लख्ख होता आणि त्याच्यापुढं दोन पिवळे डाग हलत होते. मनिष आणि त्याची भारती मात्र झकास आले होते, त्याचं तिला जास्तच लागलं. इतरांच्या नवऱ्या धड, आणि आपलीच आई पुसलेली! पोर टेबलावर डोकं ठेवून रडली. हसुभाई उठून तिच्यासाठी चहा आणायला गेले.

संध्याकाळी तिनं घरी फोनवर व्हिडिओ लावला आणि आईच्या हातात दिला.

"आये, तू दिसतच नाय. माझ्या हातनं बिघडलं. परत काय हे व्हायचं नाय."

जमना दाराशी उजेडाला बसली. बराच वेळ बघत राहिली. शुक्राही शेजारी येऊन वाकला.

"बिघडलं कुठं?" जमना म्हणाली. "मला तरी कुठं नीट दिसत होतं? डोले भरलेले. सगलं असंच दिसलं. तुला कसं कललं गं?"

शितल सरकून दोघांच्या मागं बसली.

"यात मी कंचा?" शुक्रानं विचारलं.

जमनानं पडद्यावर बोट ठेवलं. जरासुद्धा न घोटाळता.

"हा. बघ, माझ्याकडं झुकतोय तो."

शितलनं पुन्हा पाहिलं. खरंच, एक डाग हळूच दुसऱ्याकडे झुकत होता आणि दोघांच्या कडा एकमेकांत मिसळत होत्या. सकाळपासून इतक्यांदा पाहून तिला ते दिसलं नव्हतं.

"परत लाव," जमना म्हणाली.