शनिवारचा धूर

अर्नेस्टीन लिंकलेटर आठवडाभर इस्पितळाच्या चादरी धुवायची आणि शनिवारी विनिपेगच्या नॉर्थ एंडमधल्या समाजमंदिरामागे पोरांना मूस या थोराड हरणाचं कातडं कमवायला शिकवायची. शहरात वाढलेली ही क्री आदिवासींची पोरं. मूस त्यांनी पाहिला तो टी-शर्टावर. अर्नेस्टीनला हे काम उत्तरेकडे, तळ्याकाठी, आजीनं शिकवलं होतं. सरकारनं तिला घरातून उचलून आदिवासी पोरांच्या निवासी शाळेत टाकलं, तोवर तिचे हात शिकून तयार झाले होते.

"मावशी, हा वास माझ्या केसांतून जायचा नाही," सोळा वर्षांची शेलीन कातडं खरवडता खरवडता कुरकुरली.

"बरंच की. पोरगे लांब राहतील."

सगळे खदखदले. एक कातडं आधीच कुजक्या लाकडाच्या धुरावर टांगलं होतं. धूर कुंपणापलीकडे गेला, कुणा शेजाऱ्यानं फोन फिरवला, आणि पोलिसांची गाडी दारात येऊन उभी राहिली.

आत आलेल्या दोघा पोलिसांना एवढंच दिसलं: जाळ, आणि एका पोरीच्या हातात लांब पातं.

"खाली टाक ते!" तरुण पोलीस ओरडला.

शेलीननं मूठ आणखी आवळली. तिच्या भावाला पोलिसांनी असंच ओरडून भर रस्त्यात पालथा पाडलेला तिनं पाहिला होता. तरुण पोलिसाचा हात कमरेकडे गेला.

अर्नेस्टीननं ओरडावं तर पोरगी बिथरेल, धावावं तर तो बिथरेल. दोन्ही तळवे उघडे ठेवून ती सावकाश चालत मध्ये आली आणि पोलिसांकडे पाठ करून उभी राहिली.

"शेलीन, माझ्याकडे बघ. कातडं सुकायला लागलंय. खरवडणी बादलीत टाक आणि चिंधी भिजवून दे."

"ते मला नेतील, मावशी."

"नेतील कदाचित. आधी चिंधी दे."

मग पातं पाण्यात बुडालं.

थोरल्या पोलिसानं नावं विचारली, तेव्हा उलगडलं. सरकारी खात्यानं शेलीनला ज्या परक्या घरी ठेवलं होतं, तिथून ती पळून आली होती. तिला न्यावंच लागणार होतं.

"मग मीही येते," अर्नेस्टीन म्हणाली.

"बाई, तशी पद्धत नाही."

"पद्धत तुमची, पोरगी आमची. दार उघडा."

गाडीत ती शेलीनला खेटून बसली.

खात्यानं शेलीनला शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणखी एका परक्या घरी पाठवलं. अर्नेस्टीन खात्याच्या कचेरीत खेटे घालत राहिली. कधी अधिकारी बाई जागेवर नाहीत, कधी नियमात बसत नाही. शेवटी शेलीनला शनिवारपुरतं कातड्याच्या कामाला यायची परवानगी मिळाली.

बर्फ पडायला लागल्यावर एका शनिवारी सकाळी शेलीन बसमधून उतरली. खरवडणी उचलून कामाला लागली. रस्त्यावरून गाडी गेली की तिचे खांदे आखडत. अर्नेस्टीननं ते पाहिलं, आपलं स्टूल उचललं आणि रस्त्याच्या अंगाला, तिला आडोसा होईल असं टाकून बसली.