आईच्या उरलेल्या गोळ्या

मंडळी, आज सकाळी सुनेला घेऊन नगरला छातीच्या डॉक्टरांकडे गेले होते. ते तिला म्हणाले, "खोकला थांबला म्हणजे टीबीचे जंतू मेले असं नाही. ते दबून बसतात. म्हणून कोर्स पूर्ण करायचा."

मला तिथंच रडू कोसळलं.

बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईलाही टीबी झाला होता. गोळ्यांनी खोकला थांबला आणि वडलांनी शिंगणापूरला तेल वाहून नवस फेडला. मग आई म्हणाली, "आता गोळ्या घेतल्या तर देवाला काय वाटंल? हिचा इस्वास न्हाई म्हनंल."

पुढं खोकल्यातून रक्त पडलं. आम्ही पुन्हा नवसच बोललो.

एवढं साधं वाक्य तेव्हा आम्हाला कुणीच का सांगितलं नाही हो?

आई गेली तेव्हा उरलेल्या गोळ्या देवाच्या तसबिरीमागं तशाच होत्या.