दाराच्या आतली यादी

आयर्लंडमधल्या ड्रोहेडात भाड्याच्या घरात आम्ही आलो तेव्हा स्वयंपाकघरात ओटा होता, सिंक होतं, बाकी काही नाही. सामान हळूहळू घेऊ असं ठरवलं, आणि काही आठवड्यांतच कोविडमुळे दुकानं बंद झाली. नवरा हॉस्पिटलात डॉक्टर. तो सकाळी निघून गेला की रिकाम्या खोल्यांत मी एकटीच. मग मी घर सजवायला घेतलं. पुस्तकांच्या खोक्यांवर आईची इरकल पसरून टेबल केलं. दोन सुती साड्यांचे पडदे शिवले. जॅमच्या बाटल्यांना सुतळी गुंडाळून त्यात चमचे ठेवले. रोज मोबाईलवर जुन्या फर्निचरला नवं रूप देणाऱ्या बायकांचे व्हिडिओ बघायचे.

ऑक्टोबरात एक जाहिरात दिसली. ‘जुनं प्रेस, फुकट, येऊन घेऊन जा.’ इथे कपाटाला प्रेस म्हणतात, हे एव्हाना अंगवळणी पडलं होतं. पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती, पण ते घर त्याच्या आतच होतं. शेजाऱ्यांची व्हॅन घेऊन आम्ही दोघं गेलो. दारात साधारण पन्नाशीची, मास्क लावलेली बाई उभी होती.

“आईचं आहे,” ती म्हणाली. “एप्रिलमध्ये गेली. भंगारात टाकवत नाही मला. तुम्ही वापरणार असाल तर बरंच होईल.”

वापरू, असं मी म्हणाले.

घरी आणून पुसताना डाव्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं. थेट लाकडावर, दाबून दाबून, थरथरत्या अक्षरात. सकाळची गोळी, दुपारची गोळी, पुढे वारांखाली बरोबरच्या खुणा. खाली दूध, पाव, चष्म्याची काच, असं काय काय. खुणा मध्येच एका गुरुवारी थांबल्या होत्या.

नवरा रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते दार उघडायचा आणि वाचायचा. एकदा मी विचारलंच, “तुमच्या हॉस्पिटलातच होत्या का रे त्या आजी?”

“असतील. नसतीलही,” तो म्हणाला. “एप्रिलमध्ये कितीतरी होते. माझ्या लक्षात नुसते डोळे राहिलेत. घरी कोण काय खायचं, कोणाला काय आणायचं होतं, काही ठाऊक नाही.” त्यानं दार हलकेच लावलं.

ते दार मात्र लावलेलं राहायचं नाही. जमिनीला उतार असेल किंवा बिजागरी सैल असेल. दुपारी मी भाजी चिरत असले की पाठीमागे कर्र आवाज व्हायचा आणि ते अर्धं उघडायचं. पहिल्यांदा मी दचकले. मग “आले हं” म्हणून उठून लावायला लागले. कोणाला म्हणत होते कोण जाणे. काही दिवसांनी तो आवाज होण्याआधीच माझी पाठ ताठ व्हायला लागली. कोणीतरी हाक मारतंय आणि आपण नुसतं दार लावतोय, असं काहीतरी वाटायचं.

नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी मी रंगाचा डबा उघडला. वरून घासलं, सोड्याच्या पाण्यानं पुसलं, दुधी रंगाचा पहिला हात दिला. बाहेरून दिला तसा आतूनही दिला. यादी दिसत होती. मुद्दाम दुसरा हात दिला. खोटं कशाला बोलू, मला ती म्हातारी घरातून जायला हवी होती.

संध्याकाळी नवऱ्यानं दार उघडलं आणि तसाच उभा राहिला.

“अगं, लिहिलेलं कुठे गेलं?”

“रंगवलं. छान दिसतंय ना?”

त्यानं चहाही घेतला नाही. जिन्यापाशी थांबून एवढंच म्हणाला, “मला विचारायचंस तरी.”

चार दिवसांनी कपाट देणाऱ्या बाईचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर ती म्हणाली, “एक विचारू? दाराच्या आत आईनं काही लिहिलं होतं का? ती कुठेही लिहायची. मी फोटो काढायला विसरले.”

“नाही,” मी म्हणाले. “मला तरी नाही दिसलं.”

“बरं, बरं. ग्रँड,” ती इथल्या पद्धतीनं म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर दार कर्र वाजलं तरी मी वळून बघेनाशी झाले. जेवायला आम्ही बाहेरच्या खोलीत बसायला लागलो. दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी कोमट पाणी आणि फडकी घेऊन बसले. रंग खडूसारखा होता आणि वरून मेण चढवलं नव्हतं, म्हणून तो पाण्यानं सुटत होता. पण रंगाबरोबर पेन्सिलही सुटत होती. फडकं राखाडी झालेलं बघून मला रडू आलं. तेवढ्यात खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि लाकडावर खाचा दिसल्या. म्हातारीनं इतकं दाबून लिहिलं होतं की शिसं गेलं तरी अक्षर राहिलं होतं. मी स्क्रू काढले, दार सुटं केलं, चादरीत गुंडाळलं आणि चालत त्या बाईच्या घरी निघाले.

तिनं दार उघडल्यावर मी दोन पावलं मागे उभी राहून सगळं सांगितलं. रंगवलं ते, आणि खोटं बोलले ते.

तिनं चादर बाजूला केली. दार उजेडाकडे तिरकं धरलं. बोटानं एकेक ओळ चाचपली. खूप वेळ.

“तुम्ही फोनवर नाही म्हणालात,” ती म्हणाली.

“हो.”

“मला आत्ता तुमच्याशी बोलवणार नाही.” दार उचलून ती आत गेली. चादर पायरीवरच राहिली. ती उचलावी की नाही हे न कळून मी तशीच परत आले.

नाताळ गेला. जानेवारीत तिचा मेसेज आला. एक फोटो होता, आणि खाली ओळ: ‘शेवटचा शब्द लागत नाही. तुम्ही आधी वाचला होता का?’

मी फोटो मोठा करून पाहिला. त्या ठिकाणी मी जास्तच घासलं होतं. आठवून आठवून डोकं दुखलं, पण माझ्या डोक्यात नुसता दुधी रंग होता. नवरा ड्यूटीवरून आला, अजून बूटही काढले नव्हते. मी विचारलं, “शेवटी काय होतं रे?”

“बल्ब,” तो लगेच म्हणाला. “जिन्यातला बल्ब.”

मी तसं कळवलं. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत फोनकडे बघत बसलो. मग उत्तर आलं: ‘तो अजून गेलेलाच आहे. इतके महिने मी अंधारातच वर जातेय.’

नवऱ्यानं ते दोनदा वाचलं. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो आपणहून एप्रिलबद्दल बोलायला लागला, एकेक माणूस आठवत, आणि मी ऐकत राहिले.