सोमवारची वाळू

शूटिंग रेंजच्या मालकाने म्हाताऱ्याला फसवलं, आणि तो सौदा मी ठरवून दिला होता. एवढं आधी सांगून टाकतो, मग माणसाबद्दल बोलतो.

कॉम्प्युटरची नोकरी गेल्यावर मी इथे अर्विंग शहरात जुन्या टायरचं दुकान घेतलं. चाकाचा तोल साधायला रिमवर शिशाची छोटी वजनं ठोकतात. टायर बदलताना ती निघतात आणि बादलीत पडतात. म्हातारा दर शनिवारी त्या बादलीतलं शिसं विकत घ्यायला येई. जमिनीवर फतकल मारून बसे, एकेक वजन फरशीवर टाकी आणि कान देई. शिसं असलं की नुसतं थड्. जस्त असलं की टिंग.

"ऐक, पार्टनर," असं म्हणून तो जस्त माझ्याकडे सरकवी. "हे तुझं."

पहिल्या खेपेला मी मुद्दाम जस्त मिसळलं होतं. म्हाताऱ्याला काय कळणार, असं वाटलं होतं. त्याने निम्मी बादली माझ्या पायाशी रचली, वर हसून म्हणाला, "तू धंदा करशील."

आयुष्यभर त्याने शाळेची बस चालवली होती. रविवारी जुन्या रिव्हॉल्व्हरची स्पर्धा असे, लोखंडी पत्रे पाडायची. प्राण्यावर त्याने कधी नेम धरला नाही. गोळ्या विकत घेणं त्याला कमीपणाचं वाटे, त्या तो घरीच ओती. परसात गॅसच्या शेगडीवर तो शिसं वितळवी, वर तरंगणाऱ्या लोखंडी क्लिपा वाकड्या चमच्याने काढी आणि साफ झालेलं शिसं केकच्या साच्यात ओती. चकाकत्या वड्या पाहून माझी बायको म्हणाली होती, "या तर इडल्याच!"

तो चमचा बघवेना म्हणून मी घरचा झारा नेऊन दिला.

"अहो, माझा बुंदीचा झारा!" बायको ओरडली.

"दुसरा आणतो."

"आणाच. आणि तो झारा परत या घरात यायचा नाही, सांगून ठेवते."

तिला शिशाच्या विषाची भीती होती, पण म्हातारा तिच्यापेक्षा भित्रा होता. शेगडी पेटली की मला लांब उभं करी. "वारा पाठीशी घे, पार्टनर." शर्ट बदलल्याशिवाय घरात जात नसे. हात दोनदा धुतल्याशिवाय कॉफीला शिवत नसे. तीस वर्षं शिसं हाताळून तो ठणठणीत होता, ते अशाने. असा काटेकोर माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आपण त्याला हसतो.

पुढे गाड्यांना जस्ताची आणि लोखंडाची वजनं लागायला लागली. बादलीतून टिंगटिंगच जास्त येई. म्हातारा जवळजवळ सगळी बादली माझ्याकडे परत सरकवायचा. एकदा म्हणाला, "रविवार बंद करावा लागेल." ते ऐकून माझं डोकं फिरलं. माझ्या दुकानातून गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जातंय?

हायवेजवळ एक बंदिस्त शूटिंग रेंज होती. तिथे गोळ्या अडवायला वाळूचा ढीग असतो आणि त्यात वर्षानुवर्षांचं शिसं साठलेलं असतं. मी मालकासमोर जाऊन बसलो. टेबलावर हात आपटला. म्हणालो, "वाळू आम्ही चाळणार, शिसं आमचं, एक सेंट देणार नाही." तासभर भांडायच्या तयारीने गेलो होतो.

"डन. दर सोमवारी या," तो म्हणाला. अर्ध्या मिनिटात.

तुम्ही भाजीपासून घरापर्यंत कशाचाही भाव केला असेल, तर तुम्हीच सांगा, समोरचा अर्ध्या मिनिटात हो म्हणाला की उठून निघून यायला नको का? मी मिशीला पीळ देत घरी आलो.

सोमवारी रेंज बंद असे. एकदा दुपारी मी डबा घेऊन गेलो. म्हातारा नाकाला रुमाल बांधून फावड्याने वाळू चाळणीत टाकत होता. छताच्या दिव्याखाली करडी धूळ तरंगत होती, खाली बसतच नव्हती. हवा ओढणारा पंखा थांबलेला.

मी मालकाला विचारलं, "पंखा बंद का?"

"गिऱ्हाईक नाही तर वीज कशाला जाळू?"

मी त्या दिवशी भांडलो नाही. मी, जो पार्किंगच्या जागेवरून भांडतो! सौदा मोडेल, ही भीती. "बाहेर या," एवढंच म्हाताऱ्याला म्हणालो.

"बाहेर कुठे नेऊ एवढी वाळू?" तो म्हणाला. "दोन सोमवार राहिलेत."

ते दोन सोमवार सहा झाले. त्याचं पोट दुखायला लागलं. जेवण तोंडात लोखंडासारखं लागतं म्हणायचा. दुकानात वजन उचलायला गेला की ते बोटांतून निसटे. फरशीवर आवाज होई आणि तो माझ्याकडे बघे. "काय होतं ते?" तो विचारायचा. थड् की टिंग, त्याला ठरवता येत नव्हतं.

माझी तीन वर्षांची मुलगी त्याला बघून धावायची, कारण त्याच्या खिशात तिच्यासाठी गोळी असायची, साखरेची. एका शनिवारी ती धावली तेव्हा त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नो, बेबी. नॉट टुडे."

माझी बायको दारात उभी होती. तिने मुलीला उचललं आणि घरी नेऊन तिचे हात दोनदा धुतले. सोमवारी आम्ही मुलीचं रक्त शिशासाठी तपासायला दिलं, म्हाताऱ्याचंही. रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस मी कुणाशीही भाव केला नाही. तिचं रक्त चांगलं निघालं. म्हाताऱ्याचं निघालं नाही. डॉक्टरांनी आकडा बघून त्याला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. नंतर त्याची लेक ओक्लाहोमाहून आली आणि त्याला घेऊन गेली. फोनवर ती म्हणते, "आज बरा आहे." कुठल्या दिवशी बरा नसतो, ते ती सांगत नाही.

मी रिपोर्टची प्रत घेऊन रेंजवर गेलो. मालक म्हणाला, "आपल्या मर्जीने यायचा तो. मी बोलावलं नव्हतं." मी आरडाओरडा केला, त्याने मला बाहेर काढलं. काउंटरवरची बाई मागोमाग पार्किंगमध्ये आली. हळूच म्हणाली, "आम्हाला मागे वाळूकडे जायची मनाई आहे. पहिल्या दिवशीच सांगतात. साफसफाईला पैसे घेऊन बाहेरच्या कंपनीची माणसं येतात, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. या वर्षी आलीच नाहीत."

माझी चूक मी वर लिहिली आहे, ती लपवणार नाही. पण मालका, आता तू बोल. तुझी माणसं जिथे पाऊल टाकत नव्हती, तिथे एका म्हाताऱ्याला रुमाल बांधून सोमवारमागून सोमवार उभं केलंस. तुला माहीत होतं. मला वकिलाचं पत्र नको, सहानुभूतीचं कार्ड नको. ओक्लाहोमाला जा, त्याच्यासमोर बस आणि तुला माहीत होतं, हे त्याच्या तोंडावर सांग.