सुलटं राहिलेलं गाडगं

"गाडगं अजून सुलटंच कसं गं?"

अक्कासाहेबांनी हे परसात विचारलं. सगळ्यांदेखत. ओट्यावर त्यांचे यजमान वकीलसाहेब हात धूत होते. त्यांचे धाकटे भाऊ दारात उभे राहून शेरवानीची बटणं लावत होते. गवळी दूध मापत होता, त्याचा हात मापासकट थांबला. मी राखेनं पातेलं घासत होते. मान वर केली नाही. त्या राखेत तोंड घालता आलं असतं तर घातलं असतं.

"तुला विचारतेय. मागच्या महिन्यात नाही, ह्याही महिन्यात नाही."

गवळी हसला. "गाडग्याला झोप लागली असंल, अक्कासाहेब."

त्याला कुणी गप्प बस म्हणालं नाही.

गाडग्याचं आधी सांगते. हैदराबादेत जामबागेतल्या त्या घरात घरच्या बायका महिन्याच्या अडचणीत बाजूच्या खोलीत बसायच्या. मी घरची नव्हते. मी कामाची पोर. माझी जागा मागच्या दाराशी, जिन्याखाली. मी घासलेली भांडी वरून पाणी ओतून मग आत जायची. पण अडचणीच्या दिवसांत तेवढ्यानं भागायचं नाही. माझा हात पापडाच्या खाटेला लागायला नको, झाडू तुळशीपाशी जायला नको. म्हणून मला पाणी प्यायला दिलेलं मातीचं गाडगं मी मागच्या पायरीवर पालथं घालायचं. ते दिवस ओंजळीनं पाणी प्यायचं. संपलं की गाडगं सुलटं.

"पोरीला तोंडानं सांगायची लाज नको, म्हणून ही सोय केलीय," असं अक्कासाहेब शेजारणींना सांगायच्या. मलाही ती सोयच वाटायची. पण पायरी मागच्या रस्त्यावरून दिसायची. गवळी बघायचा, भाजीवाली बघायची, धाकटे साहेब येताजाता बघायचे. माझ्या अंगात काय चाललंय ते सगळ्या घराला कळायचं. मला एकटीलाच कळत नव्हतं.

पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी पंधरा-सोळाची असेन. आमचं गाव नांदेडच्या पलीकडं. रझाकारांच्या धामधुमीत घर जळालं, बाप गेला. शाळा दुसरीतच सुटली होती. अलीफ-बे अर्धी, ग-म-भ-न अर्धं. आई धाकट्याला घेऊन माहेरी गेली. मामा हैदराबादेत कचेरीत चपराशी होता, त्यानं मला वकीलसाहेबांकडं आणून सोडलं. म्हणाला, "अक्कासाहेबांचे पाय धर. त्यांनी पदरात घेतलं म्हणून जगशील." मी पाय धरले. खोटं कशाला बोलू, मनापासून धरले. रोज दोन वेळा पोटाला मिळायचं. डोक्यावर छप्पर होतं. त्या वर्षी हेही पुष्कळांना नव्हतं. आजही जामबागेतून जाताना त्या घराशी माझे हात जोडले जातात. मग मला माझ्याच हातांचा राग येतो.

गाडगं माझ्या आधी गंगूचं होतं. गंगू म्हणजे माझ्या आधीची कामाची पोर. तिला मी पाहिलं नाही. काविळीनं गेली म्हणायचे. तिचीच जागा मला मिळाली, तिचीच गोधडी. गाडग्याच्या काठाला एका ठिकाणी टवका उडालेला होता. तो चुकवून प्यायचं तर ओठ एका बाजूलाच लावावे लागायचे. गंगूही तिथंच लावत असणार. पाणी पिताना मला वाटायचं, ही आताच पिऊन गेली.

गोधडीच्या मधोमध काळपट डाग होता. मी तो रिठ्यानं धुतला, राखेनं धुतला, गेला नाही. कावीळ पिवळी असते, एवढं मलाही ठाऊक होतं. पण विचारायचं कुणाला? अन् उपकाराच्या घरात विचारायचं तरी कसं?

तर त्या सकाळी गवळी हसला आणि मी पातेलं घासतच राहिले. मला खरंच माहीत नव्हतं गाडगं का सुलटं राहिलं. थंडीत मला हिवताप झाला होता, मोठा. उठले तेव्हा उभं राहवत नव्हतं, तरी कामाला लागले. त्यानंतर आलंच नाही. आलं नाही याची मला भीती वाटली नव्हती. उलट ओंजळीनं पाणी प्यावं लागलं नाही, म्हणून बरंच वाटलं होतं.

दुपारी पुरुष कचेरीत गेल्यावर अक्कासाहेबांनी मला कोठीत बोलावलं. धान्याच्या कोठीत. दार ओढून घेतलं.

"कुणाचं आहे?"

"काय?"

त्यांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या. "मला सांगायची गरज नाही. मी परत विचारणार पण नाही. तू फक्त तोंड बंद ठेव. सगळं नीट होईल."

मला कळेना. काही घडलंच नव्हतं. कुणी माझ्या वाटेला गेलं नव्हतं. मी तुळशीची शपथ घेतली, बापाची घेतली. त्यांनी ऐकलंही नाही. आणि त्यांना एवढी खात्री कशी, ते मला तेव्हा समजलं नाही.

थोड्या वेळानं जवळच्या गौलीगुडा मोहल्ल्यातली मंत्रसानी आली. इकडं सुईणीला मंत्रसानी म्हणतात. म्हातारी, हातावर गोंदण, काखेत गाठोडं. कोठीत चटई टाकली. गाठोड्यातनं तिनं तेलाची बाटली काढली, काढ्याचा पेला काढला आणि एक काडी. लांब, गुळगुळीत. वापरून वापरून गुळगुळीत झालेली.

"पडुको," म्हातारी म्हणाली आणि चटईवर थाप मारली. झोप म्हणून.

मी उभीच राहिले. रडत होते, नाही नाही म्हणत होते.

म्हातारी कंटाळून अक्कासाहेबांकडं वळली. "वो पैली बी ऐसेच बोलती थी, अम्मा. नै नै. बाद में चुप हो गई."

अक्कासाहेबांनी तिच्याकडं असं पाहिलं की म्हातारीनं पदर तोंडाशी नेला.

पैली. म्हणजे पहिली. म्हणजे गंगू.

मला गोधडी दिसली. मधोमधचा डाग दिसला. ह्याच चटईवर पडली असेल का? मग जिन्याखाली नेऊन टाकली असेल. मग चुप झाली असेल.

माझं रडणं थांबलं. भीती गेली असं नाही. भीती इतकी झाली की रडायला जागाच उरली नाही.

"दवाखान्यात न्या," मी म्हणाले. "डाक्टरणीला दाखवा. ती पोटाशी आहे म्हणाली तर मला विहिरीत टाका. पण ही काडी नको."

"हळू बोल."

"नाही बोलणार हळू. हिनं हात लावला तर ओरडेन. मागच्या रस्त्यावर सगळे जमतील."

उपकारकर्त्या बाईपुढं मी पहिल्यांदा आवाज चढवला होता. आणि अक्कासाहेब घाबरल्या. मला नाही, रस्त्याला.

पडद्याचा तांगा आला. बायकांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. लांब दालन, बाकांवर खचाखच बायका. टेबलाशी बसलेली आया सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "क्या है री? पेट से है? मरद का नाम बोल!"

सगळं दालन वळून माझ्याकडं बघायला लागलं. एका म्हातारीनं तर नीट बघता यावं म्हणून लेकीला बाजूला सारलं.

"नवरा परगावी असतो हिचा," अक्कासाहेब पटकन म्हणाल्या. कुठलंसं नावही सांगितलं. उभ्या उभ्या माझं लग्न लावून दिलं. ना हळद, ना अक्षता. घराची अब्रू राखायची म्हणून.

आत डाक्टरीण विचारत होती आणि अक्कासाहेब उत्तरं देत होत्या. वय अक्कासाहेबांनी सांगितलं. महिना कधी चुकला ते अक्कासाहेबांनी सांगितलं. उलट्या होतात का, तेही त्याच सांगत होत्या. मी स्टुलावर बसले होते. बाजारात बकरी उभी असते तशी. बकरीचे दात बघतात, बकरीला विचारत नाहीत.

आणि मला पुन्हा ती काडी आठवली. इथंही हे असंच चाललं तर ही मला परत त्याच कोठीत नेईल.

"मला विचारा," मी म्हणाले.

डाक्टरणीनं मान वर केली.

"अंग माझं आहे. मला विचारा. मला नवरा नाही. अन् ह्यांना बाहेर बसवा."

अक्कासाहेब म्हणाल्या, "पोर खुळी आहे, डाक्टरसाहेब."

डाक्टरीण फार मायाळू होती असं नाही. दमलेली होती, बाहेर रांग होती. पण ती म्हणाली, "लडकी कू बोलने देव. आप बाहर बैठो, अम्मा."

दार लागलं. मी सगळं सांगितलं. ताप, भूक, चक्कर, गाडगं. तिनं डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, पोट दाबून पाहिलं.

"बच्चा-विच्चा कुछ नै. बदन में खून नै. बुखार के बाद ये उमर में रुक जाता कभी. खाना होना तुमकू." मग लिहिता लिहिताच म्हणाली, "वो गंदगी नै है. तुम्हारा बदन है. तुमकू मालूम होना."

हे तिनं माझ्याकडं न बघता म्हटलं. दिवसातनं कितीजणींना म्हणत असेल. पण माझ्या अंगाबद्दल मला कुणी सांगितलं ते पहिल्यांदा. इतके दिवस माझं अंग पायरीवर पालथं पडलेलं असायचं, बघेल त्याला दिसायचं.

बाहेर आल्यावर अक्कासाहेबांना कळलं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. माझ्या गालावरून हात फिरवला. त्या घरात आल्यापासून त्यांचा हात मला पहिल्यांदा लागला. "राखलं गं देवानं! चल, घरी गेल्यावर गोड करते तुझ्यासाठी."

त्यांना आनंद झाला होता. खरा. माझ्यासाठी झाला होता, पण घरासाठी जास्त. आणि तो आनंद बघूनच मला कोठीतलं कोडं सुटलं. माझा त्यांना संशय नव्हता. मी शपथा घेतल्या त्या त्यांनी ऐकल्या नाहीत, कारण त्यांचा प्रश्न माझ्याबद्दल नव्हताच. त्यांना स्वतःचं घर ठाऊक होतं. जिन्याखाली पोर झोपते, आणि जिन्यावरनं कोण जातं-येतं, ते त्यांना ठाऊक होतं. गंगूच्या वेळी एकदा झालं होतं. म्हणून पुन्हा झालं असणार, असं त्या धरूनच चालल्या होत्या.

व्हरांड्यात बायका होत्या. मी विचारलं. हळू नाही.

"गंगूला इथं का नाही आणलं, अक्कासाहेब?"

"तिला कावीळ झाली होती."

"कावीळ अशी असते? गोधडीच्या मधोमध?"

त्यांनी व्हरांड्यातल्या बायकांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "तांग्यात बस."

मी बसले नाही.

तांगा थांबला होता. घोड्यानं पाय आपटले. अक्कासाहेबांनी एकदा मागं पाहिलं, मग पडदा सोडला. मी टेबलाशी जाऊन त्याच ओरडणाऱ्या आयेला म्हणाले, झाडू द्या, दालन झाडते, रात्री कोपऱ्यात पडते. ती म्हणाली, "कायकू? मरद नै आया लेने?" आणि हसली. पण झाडू दिला.

दुसऱ्या दिवशी मामा आला. फाटकातच थोबाडीत मारली. "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?"

"वासे नाही मोजले, मामा," मी म्हणाले. "एक मढं मोजलं."

तो पुन्हा आला नाही.

हैदराबाद राज्य मोडलं, आमचा जिल्हा आता मुंबई राज्यात गेला. आई बोलावते. मी इथंच राहिले. दालन झाडता झाडता आया झाले, आणि आता त्याच टेबलाशी बसते. अजून भिते. मोठ्या घरची बाई पदर सावरत पुढं आली की तोंडात आधी "अक्कासाहेब" येतं, पाठ वाकायला बघते. पाणी पिताना अजून ओठ एका बाजूलाच जातात, पेला स्टीलचा असला तरी. गंगू अजून माझ्या आधी पिऊन जाते.

पण मी ओरडत नाही. टेबलावरून उठते, बाकापाशी जाते, मुलीच्या कानाशी विचारते. सोबतची बाई उत्तर द्यायला लागली की म्हणते, "तुम्ही बाहेर बसा." सासू असो, मालकीण असो, नवरा असो. शिव्या खाते. तक्रारी वर गेल्या, जाऊ देत. दाराची कडी मी घालते. आत मुलगी एकटी जाईल आणि स्वतःच्या तोंडानं बोलेल.

आवाज चढवते तो एकाच वेळी. कुणी मला येऊन सांगितलं, आमची कामाची पोर काविळीनं गेली, तर मी उठून उभी राहते आणि विचारते, कसली कावीळ? कुणाच्या घरातली?

सगळ्यांदेखत विचारते.