तुरटी फिरवलेलं पाणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे रिक्षात बसून हसणं. पाणी तपासायच्या सरकारी लॅबमधून घरी औरंगपुऱ्याला येत होतो. रिक्षावाला सारखा आरशात बघायचा. म्हातारा-म्हातारी भांग पिऊन बसलेत असं त्याला वाटलं असंल.

आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो, आणि यंदा पाणी गटारीचा वास घेऊनच आलं. शेजारणीची तान्ही नात जुलाबानं दवाखान्यात, सलाईनवर. त्या लेकराला रोज आंघोळ आमची ही घालायची, म्हणून हिच्या जिवाला लई लागलं. मी मनपात जाऊन भांडलो, तर तिथला बाबू म्हणतो, लाइन चांगली हाय. मग गल्लीतल्या नर्सबाई म्हणाल्या, "काका, तोंडी भांडून काही होत नाही. पाणी तपासून घ्या. पिण्यालायक नाही असा शिक्क्याचा कागद आला की पाइप दुरुस्त करणं त्यांना कायद्यानं भाग आहे."

आपण चौथीत शाळा सोडलेली, कायदा काय माहीत. पण कायदा आपल्या नळापर्यंत येतो म्हणल्यावर ही हरखली. बाटली भरून, ठेवणीतलं लुगडं नेसून तयार.

लॅबमधल्या साहेबांनी बाटली उजेडात धरली, हुंगली. "मावशी, हे तर चकाचक आहे. याला काही केलंत का?"

"करायचं काय? तुरटी फिरवली, दुपदरी फडक्यानं गाळलं, मग उकळलं."

"अहो, कशाला?"

"कशाला म्हणजे? सरकारी माणसापुढं गटारीचं पाणी ठेवू व्हय? आमच्यात पाहुण्याला असलं देत नाय."

साहेबांनी कपाळ धरलं. "मावशी, मी ते पिणार नाही, तपासणार आहे. असं आणलंत तर पाइप पहिल्या नंबरानं पास होईल."

मी म्हणलं, "साहेब, हिनं जन्मभर मलाबी असंच गाळलं, उकळलं. तरी नापासच."

ही हसत हसत बाकड्यावरच बसली. साहेबही हसले. त्यांनी जंतू मारलेली कोरी बाटली दिली. "नळ आला की थेट भरा, बूच लावा, लगेच आणा. आणि मावशींना बाटलीजवळ येऊ देऊ नका."

रिक्षात मी म्हणलं, "लुगडं बघून तरी त्यानं पाणी नापास करायला पाहिजे व्हतं."

"गप बसा. तुमच्यावरच तुरटी फिरवते."

मग काय, छावणीतल्या त्या लॅबपासून घरापर्यंत दोघंबी पोट धरून.

नळाची पाळी दुसऱ्या दिवशी होती. रात्री ही झोपली ती उठलीच नाय.

सकाळी घर माणसांनी भरलं. बाया हिच्या आंघोळीला रांजणातलं पाणी काढत होत्या, तेवढ्यात नळ आला. पिवळं, तसंच वासाचं. मी कोरी बाटली धरली, आलं तसं भरलं, बूच दाबलं.

धाकटा भाऊ आडवा आला. "दादा, भान हाय का? वहिनीला सोडून कुठं निघालास?"

"ती कुठं जात नाय," मी म्हणलं. "पाणी लगेच न्यावं लागतं. मी येईस्तोवर हिला उचलू नका."

चपला घातल्या आणि कोपऱ्यावर जाऊन रिक्षाला हात केला.