लेखी आणा, साहेब

ज्याचा मला हेवा वाटतो, तो माणूस धंतोलीत दवाखान्यांजवळ झेरॉक्स काढतो. आधार कार्डाची बिघडलेली प्रत तो गिऱ्हाइकासमोरच फाडून टाकतो. परवा साध्या कपड्यांतला पोलीस आला. ज्यांच्यावर पाळत आहे अशा लोकांची सरकारी यादी झेरॉक्स करून कोणी बाहेर काढली, हे त्याला हवं होतं.

"लेखी आणा, साहेब."

"दुकान बंद करून टाकू का तुझं?"

"करा. लोकं भरवशानं कागद देऊन राहिले मले."

मी शेजारीच होतो. खासगीपणाच्या हक्कावरची माझी ताजी पत्रकं मी घाईने पिशवीत कोंबली. पोलीस गेल्यावर तो म्हणाला, "भाऊ, मस्त लिहिता गा तुम्ही."

मी जळलो. माझं एकही पत्रक न वाचता तो असाच वागला असता.